मदत हवी आहे: हिमरू शालींच्या स्पॅनिश कागदांत 'गिऱ्हाईक' कसं लिहायचं?

प्रश्न (हिमरूवाला, छत्रपती संभाजीनगर): स्पेन आणि मेक्सिकोसाठी माहितीपत्रक, बिल आणि करार स्पॅनिशमध्ये करायचेत. कोशात क्लिएंते, कोंप्रादोर, कोन्सुमिदोर असे तीन शब्द सापडले. सगळीकडे एकच चालेल का?

उत्तर (भाषांतरकार, नांदेड): नाही दादा, कागद बदलला की शब्द बदलतो.

माहितीपत्रकात, ईमेलमध्ये आणि बिलावर क्लिएंते. चौकशी करणारा, नेहमीचा, एकदाच येणारा, सगळे त्यात बसतात. सगळ्यांना मिळून पत्र असेल तर 'एस्तिमादोस क्लिएंतेस' (प्रिय गिऱ्हाइकांनो). बाईसाठी 'ला क्लिएंता' आणि 'ला क्लिएंते' दोन्ही बरोबर, पण एका कागदात एकच रूप ठेवा. 'क्लिएंतेला' म्हणजे सगळी गिऱ्हाइकं मिळून; हा शब्द स्त्रीलिंगी एकवचनी आहे, क्रियापद अनेकवचनी केलं की वाक्य चुकतं.

कोंप्रादोर (खरेदीदार) करारात येतो, वेंदेदोरच्या (विकणाऱ्याच्या) समोर. समोर कंपनी असेल तर 'ला एम्प्रेसा कोंप्रादोरा' लिहा, कारण 'एम्प्रेसा' स्त्रीलिंगी आहे.

कोन्सुमिदोर जपून वापरा, तो कायद्याचा शब्द आहे. स्पेनच्या 2007च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तो धंद्याबाहेरच्या कामासाठी घेणाऱ्याला लागतो. घरबसल्या ऑनलाइन घेतलेला माल साधारणपणे 14 दिवसांत कारण न देता परत करायचा हक्क त्यालाच आहे. माद्रिदचा दुकानदार 50 शाली पुढे विकायला घेत असेल तर तो कोन्सुमिदोर नाही. घाऊक करारात हा शब्द घातला की माल परतीच्या अटींवरून वाद निघतो.

हिमरूवाला: पैसे एकाचे, शाल दुसऱ्याच्या पत्त्यावर, असं झालं तर?

भाषांतरकार: मग पैसे देणारा क्लिएंते आणि पार्सल घेणारा देस्तिनातारिओ. दोघांची नावं वेगळ्या रकान्यांत लिहा. मालाची आयात ज्याच्या नावावर, तो इंपोर्तादोर. जकातीची विचारणा त्याच्याकडे होते, म्हणून हा रकाना रिकामा सोडू नका.

उत्तर (स्पॅनिश शिक्षिका, लातूर): मेक्सिकोच्या आठवडी बाजारात 'मार्चांते' ऐकू येईल. विकणारा घेणाऱ्याला आणि घेणारा विकणाऱ्यालाही तसंच म्हणतो. बोलण्यात तो गोड वाटतो, छापील पत्रकात नको. आणि दोन्ही देशांसाठी एकच पत्रक असेल तर 'उस्तेद' (एकासाठी आदराचं 'तुम्ही') आणि 'उस्तेदेस' (अनेकांसाठी 'तुम्ही') वापरा. स्पेनमधलं 'वोसोत्रोस' (अनेकांसाठी जवळिकीचं 'तुम्ही') मेक्सिकोत कोणी बोलत नाही, वाचणाऱ्याला ते परकं वाटतं.