५०० लिटरचं ब्रूहाऊस (बिअर शिजवायच्या भांड्यांचा संच) ३३० चौरस फुटांत बसवायचंय, दोन भांडी की तीन? सल्ला हवा आहे

खराडीकर

नमस्कार मंडळी. बंगळूरला सहा वर्षं दुसऱ्यांच्या ब्रूपबमध्ये बिअर बनवली. आता पुण्यात वहिनींच्या हॉटेलाला जोडून स्वतःचं सुरू करतोय. परवान्याचं काम वेगळं चालू आहे, इथे फक्त यंत्रसामग्रीबद्दल विचारतो.

जागा २२ बाय १५ फूट, बीमखाली उंची साडेअकरा फूट. तळमजला आहे, पण खाली पार्किंग. फर्मेंटर (बिअर आंबवायच्या टाक्या) शेजारच्या काचेच्या खोलीत, सगळे १००० लिटरचे, म्हणजे एका दिवसात दोन घाणे काढून एक टाकी भरायची. मागच्या बाजूला आठ फूट रुंद मोकळी पट्टी आहे, तिथे सध्या हॉटेलचं भंगार पडलंय.

फॅब्रिकेटरने जे ड्रॉइंग पाठवलंय त्यात मॅश टन (माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, गरम पाण्यात भिजवायला), लॉटर टन (त्याचा रस गाळायला), केटल-व्हर्लपूल (रस उकळायला आणि फिरवून गाळ बसवायला) आणि गरम पाण्याची टाकी अशी चार भांडी ओळीने उभी आहेत. दोन भांड्यांमध्ये दीड फूट वाट उरते. सगळं हीटिंग इलेक्ट्रिक. कागदावर बसतंय, पण माझं मन मानत नाही. कोणी एवढ्याशा जागेत काम केलंय का?

हॉप्सवाली

दादा, तुमचं मन बरोबर सांगतंय. दीड फुटात माणूस आडवा होऊन जाईल, पण हातात चोथ्याचा क्रेट घेऊन नाही जाणार. ५०० लिटर, १२ प्लेटोच्या (रसातल्या साखरेचं माप) साध्या बिअरला साधारण १०५ किलो माल्ट लागतं आणि त्याचा ओला चोथा सव्वाशे किलोच्या आसपास निघतो. दोन घाण्यांचा अडीचशे किलो. तो गरम असताना ओढून काढायचा, दारापर्यंत न्यायचा आणि त्याच दिवशी गोठ्यावर पोचवायचा, कारण आपल्या हवेत दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारतो. आधी हा रस्ता ठरवा, मग भांडी कुठे ठेवायची ते.

मी आठ वर्षं दोन भांड्यांवर काम करते: एक मॅश-लॉटर टन, एक केटल-व्हर्लपूल. एकाच भांड्यात मॅश करायचा आणि त्यातूनच गाळून घ्यायचा. पहिला वॉर्ट (माल्टचा गाळलेला गोड रस) केटलमध्ये गेला की टन रिकामा करून धुवायचा आणि दुसरा मॅश लावायचा. दोन घाण्यांना दहा-अकरा तास जातात. तीन भांड्यांवर तास-दीड तास वाचेल, पण तुम्ही आठवड्यातून दोनदाच ब्रू करणार असाल तर त्या तासासाठी एवढी जागा देऊ नका.

पण इलेक्ट्रिकबद्दल कळकळीने सांगते, केटल आणि व्हर्लपूल एकच असेल तर आत हीटिंगच्या कांड्या नकोत. आमच्याकडे पहिल्या वर्षी तशाच होत्या. व्हर्लपूलमध्ये वॉर्ट गोल फिरला की हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि प्रोटीनचा गाळ तळाशी मधोमध ढिगासारखा बसायला हवा. कांड्या आडव्या आल्या की प्रवाह मोडतो आणि गाळ सगळीकडे पसरतो. दर घाण्याला शेवटचे चाळीस-पन्नास लिटर टाकून द्यावे लागायचे. एकदा तर प्लेट हीट एक्स्चेंजरच (पाण्याने वॉर्ट थंड करणारं यंत्र) तुंबला. रात्री साडेदहाला बोल्ट सोडून प्लेटा एकेक करून उघडल्या, तर प्रत्येक खाचेत हिरवट चिखल, मेंदीच्या लगद्यासारखा, नखाने खरवडून काढला. पुढच्या वर्षी आम्ही बाहेरून वाफेचं जॅकेट असलेली केटल घेतली आणि तो त्रास संपला.

भोसरी_पत्राकाम

ताईंशी सहमत. मी या धंद्यात आहे, पण माझ्याकडूनच घ्या म्हणणार नाही, ड्रॉइंगमध्ये काय बघायचं तेवढं सांगतो.

आधी उष्णतेचा हिशोब. ५६० लिटर वॉर्ट ७० वरून १०० अंशांवर पाऊण तासात न्यायचा तर २६ किलोवॉट लागतात. नंतर तासाला सहा टक्के बाष्पीभवन ठेवायला साधारण २० किलोवॉट. वर थोडी सूट धरून ३२ ते ३६. हॉटेलच्या मंजूर विजेच्या भारात एसी आणि स्वयंपाकघर धरून हे बसतंय का ते बघा. पाईप गॅस येत असेल तर गॅसवर चालणारा तासाला १०० किलो वाफ देणारा छोटा जनरेटर पुरेसा होतो. ज्यांच्यात २५ लिटरपेक्षा कमी पाणी मावतं ते बॉयलर कायद्यातून सुटतात, बाजारात त्यांना नॉन-आयबीआर म्हणतात. तो मागच्या पट्टीत बसेल.

मॅश-लॉटर टन आतून ९५० मिमी व्यासाचा घ्या. १०५ किलो माल्टचा थर २९-३० सेंटिमीटर बसतो, वॉर्ट नीट झिरपतो. कधी १५० किलो माल्टची जड आयपीए बिअर केलीत तरी थर ४२-४३ पर्यंतच जातो. जागा वाचवायला कोणी ७५० व्यास आणि उंच भांडं सुचवलं तर घेऊ नका. तोच माल अर्ध्या मीटरचा थर होतो, दाबून बसतो आणि तुम्ही फावडं घेऊन तासभर झुंजत राहता. टनाच्या तळाची जाळी वेज वायरची (पाचरीच्या आकाराच्या तारेची), ०.७ मिमी फटीची, दोन तुकड्यांत, म्हणजे चोथ्याच्या दारातून बाहेर काढून खालून धुता येते.

पंपाकडे फार कमी लोक बघतात. उकळता वॉर्ट पंपाच्या तोंडाशी आला की थोडा दाब कमी होताच त्याची वाफ होते आणि पंप खडे भरल्यासारखा वाजायला लागतो. कॉम्पॅक्ट स्किडमध्ये (एकाच चौकटीवर बसवलेल्या संचात) सगळं खाली दाबून बसवतात, तिथे हे हमखास होतं. केटलचा आउटलेट पंपापेक्षा निदान ५००-६०० मिमी वर ठेवा, सक्शनची पाईप एक साईझ मोठी आणि शक्यतो एकही एल्बो नाही. पंप प्लॅटफॉर्मच्या कडेला हवा. सील बदलायला पोटावर सरपटत जावं लागलं तर तो वेळेवर कोणी बदलणार नाही.

आणि वेल्डिंग. आतल्या जोडाला मागून आर्गन वायू सोडला होता का, हे विचारा. नाहीतर जोड आतून जळून खरखरीत होतो आणि तिथे कितीही कॉस्टिक (धुण्याचं क्षार-द्रावण) फिरवला तरी घाण धरून राहते. भांडं ताब्यात घेताना टॉर्च आत घालून प्रत्येक जोडावरून बोट फिरवा. नखाला अडलं तर बफिंग परत करून घ्या.

सिव्हिलवाला

खाली पार्किंग आहे म्हणताय, म्हणून एकच सांगतो. १००० लिटरचा भरलेला फर्मेंटर दीड टनाच्या आसपास जातो आणि तो तीन-चार पायांवर उभा असतो. स्लॅबची मूळ ड्रॉइंग्ज स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स देऊ नका. फरशीला ५० ला १ उतार आणि भिंतीलगत लांब स्टीलचं गटार. टाइल्स बसल्यावर उतार देता येत नाही.

हॉप्सवाली

अजून एक राहिलं, थंड पाणी. युरोपातल्या लहान ब्रूहाऊसची ड्रॉइंग्ज नळाला १०-१२ अंशांचं पाणी धरून केलेली असतात. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी पस्तिशीला जातं. त्याने वॉर्ट ४० च्या खाली येणार नाही. पुढचं काम ग्लायकॉलवर (चिलरने थंड केलेल्या द्रवावर) टाकलं तर ५०० लिटर ४० वरून १८ वर पाऊण तासात आणायला १७ किलोवॉट थंडावा एकदम लागतो, आणि तेवढा चिलर बाकी आठवडाभर बसून राहतो.

त्याऐवजी थंड पाण्याची इन्सुलेटेड टाकी ठेवा. एका घाण्याला ६०० लिटर पाणी रात्रभरात ३५ वरून ४ अंशांवर आणायचं तर दहा तासांत दोन-सव्वादोन किलोवॉट पुरतात. दोन घाण्यांना टाकी १२०० ची आणि साडेचार किलोवॉट. शिवाय एक्स्चेंजरमधून बाहेर पडणारं पाणी पंचाहत्तरच्या आसपास असतं, ते सरळ गरम पाण्याच्या टाकीत जातं आणि दुसऱ्या मॅशला वापरता येतं. या हिशोबाने माझं बिल खरोखर उतरलं.

आणि या दोन्ही पाण्याच्या टाक्या खोलीत हव्यात कशाला? त्यांना दिवसभरात कोणी हात लावत नाही. भंगार विका आणि दोन्ही मागे उभ्या करा.

खराडीकर

ताई, हे वाचून लख्ख उजेड पडला. मी टाक्या खोलीत कशा बसवायच्या याच विचारात अडकलो होतो.

काल वहिनींना घेऊन खडूने जमिनीवर आखणी केली. दोन भांडी, इन्सुलेशन आणि क्लॅडिंगसकट प्रत्येकी ११०० मिमीचं वर्तुळ, मधे प्लॅटफॉर्म, कडेला पंप. वाट साडेचार फूट उरली. रिकामे क्रेट घेऊन चार फेऱ्या मारल्या, कुठे धडक नाही. दोन्ही टाक्या आणि वाफेचा जनरेटर मागे. केटलची वाफ बाहेर काढायला चिमणी नेता येत नाही, वर बिऱ्हाडं आहेत, तेव्हा पाणी फवारून वाफ थंड करणारा पाईप बसवतोय. स्लॅबसाठी इंजिनिअर शनिवारी येताहेत.

एक शंका उरली. चोथ्याचं दार जमिनीपासून किती उंचीवर ठेवू?

भोसरी_पत्राकाम

दाराची खालची कडा ७०० मिमी. पण तुमचे क्रेट कुठले ते आधी ठरवा, ट्रॉलीवर ठेवून उंची मोजा आणि त्याच्यावर १०० मिमी मोकळे सोडा. दार फ्लश बसवायला सांगा, जाळीच्या बरोबरीने, नाहीतर शेवटचे दहा किलो दर वेळी आतच राहतात. आणि खोलीचं दार मोजलंत का? ११०० च्या भांड्याला नोझल आणि मॅनवे (आत उतरायचं झाकण) धरून १२५० लागतील.

खराडीकर

दार १२२०. शटरची चौकट काढून घेतो, गवंड्याला आत्ताच फोन लावतो.