‘मन घट्ट असलं की पाय आपोआप पळत्यात’, पटतंय काय तुम्हाला?

पन्हाळा_पायी
कोल्हापुरात रंकाळ्यावर सकाळी पळायला येणाऱ्यांच्यात सध्या हेच चाललंय, नवीन पोरगं आलं की त्याला सांगायचं, मन घट्ट ठेव, बाकी सगळं होतंय. माझ्या अंगावर शेकलंय हे, म्हणून लिहितोय. गेल्या वर्षी पहिल्या हाफ मॅरेथॉनला नाव घातलं, २१ किमी, आणि तयारी काय तर आठवड्यातनं दोनदा ५-६ किमी. उरलेलं मनावर काढू म्हटलं. १६ पर्यंत काढलं पण! सतराव्याला डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला अशी कळ आली की उतारावर पाय टाकवेना, तरी मन घट्ट करून अजून दोन किलोमीटर ओढलं आणि मग बसलोच. त्या दोन किलोमीटरपायी अडीच महिने जिना कठडा धरून आडवा उतरत होतो. दमसास महिन्या-दीड महिन्यात वाढतोय, सांध्याभोवतालच्या शिरा-बंध तयार व्हायला त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि मनाला ते कळत नाही. तीन महिने हातात ठेवा, आठवड्याला एक लाँग रन, म्हणजे लांबचं पळणं, थोडं थोडं वाढवत न्या, शेवटचे दोन आठवडे पळणं कमी करा. मनाचं नंतर बघू.

तालमीतला_जुना
म्हणजे आता पळायला पण टाइमटेबल! आम्ही पहाटे उठून जोर-बैठका मारल्या, गंगावेशीत म्हशीची धार प्यालो, कुणी किलोमीटर मोजले नाहीत का घड्याळात ठोके बघितले नाहीत. तुमच्या पिढीला गुडघा आधी दुखतो आणि पाय मग हलतो. दुखणार म्हणूनच तर मन लागतंय की मर्दा.

पन्हाळा_पायी
काका, पहिल्याच दिवशी हजार बैठका मारायला लावल्या होत्या काय वस्तादांनी? दहाच्या वीस, विसाच्या पन्नास असंच केलं असंल ना. अहो, वस्ताद म्हणजेच तुमचं टाइमटेबल, फक्त हातात छडी असलेलं.

तालमीतला_जुना
छडीचं बरोबर हाय.

सायकलवाली
मला दोघांचंही पटत नाही. मी हाफ ट्रायथलॉनची तयारी केली, १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, मग २१ किमी पळणं. शरीर तयार होतं हो, टाकीत अडीच किमी न थांबता पोहत होते. स्पर्धेत तलावात उतरले आणि पहिल्या दोनशे मीटरातच श्वास अडकला, कारण टाकीत तळाला रेघ दिसते, तलावात आपला हात कोपरापर्यंत दिसला तरी नशीब, त्यात कुणाचीतरी लाथ गॉगलवर बसली. बचावाच्या होडीला लटकून पाच मिनिटं नुसती रडले. होडी धरायला चालते, पुढं सरकायचं नाही एवढंच, पण मी परत पोहायला गेलेच नाही. तेव्हा मनाचं नंतर बघू म्हणू नका. त्याचा पण सराव असतो. त्यानंतर दर रविवारी ओळखीच्या दोघींना घेऊन उघड्या पाण्यात उतरले, पाण्यात तोंड घालून हळूहळू श्वास सोडायचा आणि दर आठ हातांनी मान वर करून काठावरचं एक झाड बघायचं, बास. ते झाड सापडलं की छाती मोकळी व्हायची.

पन्हाळा_पायी
हे मी मानतो. पण ताई, तुमचा पण सरावच झाला की, नुसता निश्चय नव्हे.

सायकलवाली
हो, पण तुमच्या तीन महिन्यांत त्याला एकही दिवस नाही, भांडण त्याचंच आहे.

पांढरा_रस्सा
मधीच एक. स्पर्धेत तहान नसताना बाटल्यावर बाटल्या पाणी ढोसू नका, रक्तातलं सोडियम खाली जातं, उलटी, डोकेदुखी, भ्रम, जिवावर पण बेततं. आणि आदल्या रात्री तांबडा ओरपू नका, हे नाव बघून हसू नका, सांगणाऱ्यानं सकाळी सहाव्या किलोमीटरला शेतात झाड शोधलंय 😅

तालमीतला_जुना
बरं, रविवारी शिवाजी पुलावरनं वाघबीळपर्यंत जायचं म्हणताय न्हवं, मी पण येतो. मनावर पळणार, सांगून ठेवतो.

पन्हाळा_पायी
या की काका. वाटेतल्या केर्लीपर्यंत गप्पा मारता येतील एवढ्याच स्पीडनं जायचं, बोलताना धाप लागली की चालायचं. आणि नवेकोरे शूज घालून येऊ नका, फोड येतील.

तालमीतला_जुना
शूज कसले, कापशी चप्पल हाय की.