वारंवार न्यूमोनिया होणाऱ्या तान्ह्या बाळाचा सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा अहवाल) पुन्हा वाचावा

तान्ह्या बाळांच्या वारंवारच्या न्यूमोनियाचे कारण कुपोषण आणि चुलीचा धूर असे सांगितले जाते. मेळघाट, गडचिरोलीकडे ते बहुतांशी खरे आहे. परंतु पूर्ण उपचार होऊनही जे बाळ पुन्हा धापा टाकू लागते, ज्याच्या तोंडातील बुरशीचा पांढरा थर जात नाही आणि ज्याचे वजन वाढत नाही, त्याच्या बाबतीत प्रतिकारशक्तीच्या जन्मजात अभावाचा विचार झालाच पाहिजे.

यासाठी पहिली तपासणी महागडी नाही. तालुक्याला होणाऱ्या साध्या सीबीसीतील एकूण पांढऱ्या पेशी ६,००० आणि त्यांतील लिम्फोसाइट (संसर्गाशी लढणारा एक प्रकार) २० टक्के असतील, तर लिम्फोसाइटची प्रत्यक्ष संख्या १,२०० होते. मोठ्या माणसात ती चालून जाते, पण पहिल्या काही महिन्यांच्या बाळात ३,००० पेक्षा कमी संख्या धोक्याची असते, आणि नेमके हेच नजरेतून सुटते. अशा बाळांच्या फुप्फुसात न्यूमोसिस्टिस ही बुरशी वाढते, तिच्यावर नेहमीची प्रतिजैविके निरुपयोगी ठरतात आणि को-ट्रायमॉक्सॅझोल हे औषध द्यावे लागते. जन्मताच दिलेली क्षयरोगावरील बीसीजीची जिवंत लसही अशा शरीरात पसरू शकते. म्हणून काखेतील गाठ, लसीच्या जागेची न भरणारी जखम पाहावी.

आणखी एक प्रश्न आईला आवर्जून विचारावा, कारण यातील काही दोष आईकडून मुलग्यांत उतरतात: तिचा एखादा भाऊ किंवा मामा तान्हेपणीच दगावला होता का?