रात्री जैसलमेरला उतरताना

अंधार पडल्यावर जैसलमेरला एकट्याने उतरण्यापेक्षा जोधपूरला मुक्काम करावा, असा सल्ला कोणी दिला, तर तो मला गरजेपेक्षा अधिक सावध वाटतो. खोली मात्र आधीच ठरवावी आणि ती ११५६ मध्ये रावळ जैसल यांनी उभारलेल्या किल्ल्यात न घेता पायथ्याच्या गावात घ्यावी. कारण आतल्या गल्ल्या अरुंद व चढाच्या आहेत, शिवाय वस्तीतून झिरपणारे पाणी किल्ल्याचा पायाच कमकुवत करीत आहे, आणि मला हे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. स्थानकावरून मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून रिक्षाचे योग्य भाडे विचारून घ्यावे. ‘ते हॉटेल बंद झाले’ असे कोणी सांगितले, तरी ठरलेल्या ठिकाणीच जावे. उंटाच्या सफरीचा व्यवहार त्या रात्री मुळीच करू नये. तो सकाळी, चार ठिकाणी चौकशी करूनच ठरवावा.