मदत हवी आहे: गोगलगायीचा शंख फुटलाय

मंडळी, आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. तुळशीच्या कुंडीमागे एक गोगलगाय सापडली, शंखाची कड तुटलेली. उजव्या बाजूचं श्वासाचं छिद्र सावकाश उघडतंय, मिटतंय, म्हणजे जीव आहे. शंख प्रावरणाच्या (म्हणजे अंगावरच्या मऊ आवरणाच्या) कडेतून पाझरणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटचा बनतो, त्यामुळे कडेची मोडतोड भरून येते. खरी काळजी टोकाजवळ उडालेल्या टवक्याची आहे. तिथे आत पचनग्रंथी असते, आणि ती ओली, तपकिरी चक्क दिसतेय. काकडी आणि अंड्याच्या टरफलाची पूड ठेवलीये. लेक सारखी डोकावतेय. टवक्यावर अंड्याच्या आतला पातळ पापुद्रा चिकटवला तर चालेल का? कोणी करून पाहिलंय? माती किती ओली ठेवू? कृपया लवकर सांगा.