मदत हवी आहे: ओंकाराशिवाय पारंपरिक योगवर्ग होऊ शकतो का?

नमस्कार मंडळी. आम्ही बारा-तेरा जण आठवड्यातून 3 दिवस एकत्र योगाभ्यास करतो. आसनं, प्राणायाम, शेवटी ध्यान. नुसता व्यायाम नको, साधना हवी, म्हणून सुरू केलं. गटात वेगवेगळ्या धर्मांचे लोक आहेत, दोघे पक्के नास्तिक, आणि एक ताई व्हीलचेअरवर.

ताईंचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. पतंजलींनी आसनाची व्याख्याच ‘स्थिरसुखम्’ अशी केली आहे, त्यामुळे त्या खुर्चीत बसून करतात तेही आसनच. (हे पटायला मलाच वेळ लागला, खोटं कशाला बोलू.)

अडतंय ते ओंकारापाशी. काहींना तो म्हणताना अवघडल्यासारखं होतं, तर जुन्या साधकांना त्याविना सुरुवात अपुरी वाटते. पतंजलींच्या योगसूत्रांत प्रणव, म्हणजे ओंकारच, हा ईश्वराचा वाचक (त्याचा निर्देश करणारा शब्द) म्हटला आहे, तेव्हा ‘तो नुसता ध्वनी आहे’ असं सांगून वेळ मारून नेणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. पण तिथेच पुढे ‘यथाभिमतध्यानाद्वा’ असंही आहे, म्हणजे ज्याला जे रुचेल त्याचं ध्यान. आणि यम (अहिंसा, सत्य वगैरे व्रतं) तर जात, देश, काळ यांच्या पलीकडचे सांगितलेत.

मग सुरुवात मौनाने करून ओंकार ऐच्छिक ठेवावा? की गप्प बसणारे त्यामुळे उलट वेगळे पडतील? असा मिश्र गट कुणी चालवला असेल तर नेमकं काय केलंत ते सांगा. ‘ज्याला नको त्याने येऊ नये’ हा सल्ला मात्र आधीच मिळालाय, तो नको.