वॉव क्लासिक : एरवी एकट्याने आणि रविवारी तिघांत खेळायला पहिला क्लास कोणता घ्यावा?

ढगफुटी :
वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक (वॉव, ऑनलाइन गेम) पहिल्यांदाच सुरू करतोय, अलायन्स या पक्षाकडून. सोमवार ते शुक्रवार तास-दीड तास एकट्याने खेळणार, रविवारी दोन मित्रांबरोबर डन्जन (गटाने लढायची जागा). एक मित्र वॉरियर आहे, टँक (फटके अंगावर घेण्याचं काम) तोच करणार; दुसरा प्रीस्ट, म्हणजे हीलर. दोघंही लेव्हल १४ च्या आसपास. क्लास (पात्राचा प्रकार) म्हणून माझ्या डोक्यात हंटर, मेज (जादूगार) आणि ड्रुइड (प्राण्यांची रूपं घेणारा) आहेत. ड्रुइड अशासाठी की तो सगळंच करतो म्हणे. तिन्ही लेव्हल ६ पर्यंत चालवून पाहिले. हंटर सगळ्यात रटाळ वाटला, मेज सगळ्यात भारी. मग मेजच घेऊ का? क्लास नंतर बदलता येत नाही, म्हणून विचारतोय.

ढालतोंड्या :
लेव्हल ६ ला हंटर जोखू नका, कारण तो अजून हंटर झालेलाच नसतो. पेट, म्हणजे सोबत लढणारा पाळीव प्राणी, मिळतो लेव्हल १० च्या क्वेस्टनंतर (कामगिरीनंतर). तोवर तुम्ही दोन-तीन बाण मारता, मॉब (गेममधला शत्रू) अंगावर येतो आणि उरलेली मारामारी कुऱ्हाडीने करावी लागते. त्यात आणखी एक भानगड आहे : बाण ८ यार्डांच्या आत सुटत नाही आणि हातातलं शस्त्र साधारण ५ यार्डांपर्यंतच पोहोचतं. मधल्या पट्ट्यात मॉब उभा राहिला की दोन्ही बंद. रटाळ वाटणारच.

१० नंतर खेळ पार बदलतो. मात्र पेट पकडला म्हणजे झालं असं नाही. त्याला ग्राउल (शत्रूला स्वतःकडे ओढणारी गुरगुर) येत नसतं. बीस्ट ट्रेनिंग उघडून ते शिकवायचं आणि ऑटोकास्टवर (आपोआप वापरलं जाईल असं) ठेवायचं. मग क्रम असा : पेट सोडा, दोन-तीन सेकंद थांबा, त्याचं पहिलं ग्राउल लागू द्या, मग सर्पंट स्टिंग (विषारी बाण), मग ऑटो शॉट (आपोआप सुटणारे बाण). नवखे नेमके ते दोन-तीन सेकंद थांबत नाहीत. पहिला बाण त्यांचाच जातो, ॲग्रो (मॉबचा रोख) त्यांच्यावर येतो आणि पेट मागून धावत राहतो.

खाणं विसरू नका. पेट खूश असेल तर १२५ टक्के डॅमेज देतो, ठीकठाक असेल तर १००, नाराज असेल तर ७५. फार दिवस नाराज ठेवलात तर सोडून पळून जातो. बाणांचा भाता बॅगेची एक जागा खातो, तेही धरून चाला. आणि रविवारी डन्जनमध्ये ग्राउलचं ऑटोकास्ट बंद! नाहीतर तुमचा पेट आणि मित्राचा वॉरियर एकाच मॉबवर भांडत बसतील.

रोज दीड तासच असेल तर माझं मत हंटर. मारामारी संपल्यावर माना (जादूची शक्ती) भरायला बसून पाणी सहसा प्यावं लागत नाही, त्यात बराच वेळ वाचतो.

बर्फगोळा :
एकट्याने खेळायला हंटर सोपा, मान्य. पण रविवारचं गणित वेगळं आहे. तिघांनी डन्जन करायचं तर एका वेळी तीन-चार मॉब अंगावर येतात आणि वॉरियरला सगळे धरून ठेवता येत नाहीत, विशेषतः कमी लेव्हलला. मेजला लेव्हल ८ ला पॉलीमॉर्फ मिळतं : एक मॉब मेंढी होऊन बाजूला. बघायच्या गोष्टी दोनच. ते फक्त माणसासारख्या मॉबवर आणि प्राण्यांवर चालतं, अनडेडवर (भुतं-सांगाड्यांवर) नाही. आणि कुणाचाही फटका बसला की उतरतं, शिवाय मेंढी असताना मॉबचं हेल्थ भराभर भरतं. म्हणजे अर्धा मारलेला मॉब मेंढी करणं म्हणजे केलेलं काम पाण्यात घालणं.

पाण्यावरून आठवलं. मेज लेव्हल ४ पासून पाणी बनवतो. तुमच्या गटात प्रीस्ट आहे, तो तुमच्यावर खूश राहील.

एकट्याने खेळताना : पूर्ण अंतरावरून फ्रॉस्टबोल्ट (वेग घटवणारा बर्फाचा मारा), दुसरा फ्रॉस्टबोल्ट, मॉब जवळ आला की फ्रॉस्ट नोव्हा (जवळच्यांना जागीच गोठवतो; लेव्हल १० ला मिळतो), बाजूला सरकून मागे जा, परत दोन बोल्ट. सरळ पाठ दाखवून पळू नका. मागून फटका बसला की डेझ लागतो, वेग घटतो आणि मग सुटका नाही. मागे सरकण्याआधी मागे काय उभं आहे ते बघा. मेज मरतो तो बहुधा समोरच्या मॉबमुळे नव्हे, मागे सरकताना जागा झालेल्या दुसऱ्यामुळे.

सावकाश_चालणारा :
ड्रुइडबद्दल थोडक्यात. सगळं करतो हे खरं, पण अस्वल लेव्हल १० ला, मांजर २० ला आणि ट्रॅव्हल फॉर्म (वेगाने पळायचं रूप) ३० ला. मधली दहा लेव्हल अस्वलानेच रेटायची, आणि ती हळू जातात. टँक आणि हीलर या दोन्ही जागा तुमच्या गटात भरलेल्या आहेत, तेव्हा तुमच्या वाट्याला मांजर, म्हणजे नुसतं डॅमेज देणं, येणार. शिवाय मेलेल्याला उठवायला ड्रुइडकडे फक्त रीबर्थ आहे, ३० मिनिटांच्या कूलडाउनचं (एकदा वापरलं की तेवढं थांबायचं). प्रीस्ट अधूनमधून दांडी मारणारा असेल तरच ड्रुइड घ्या.

आणि कुठलाही क्लास घ्या, लॉगआउट सरायमध्येच करा. रोज थोडं खेळणाऱ्याला रेस्टेड एक्सपी (विश्रांतीने जमणारे जादा अनुभव-गुण) म्हणजे लॉटरी आहे. सरायमध्ये दर ८ तासांना लेव्हलच्या ५ टक्के जमतो, बाहेर त्याच्या पावपट वेगाने. तो असेपर्यंत मॉब मारल्यावर दुप्पट एक्सपी मिळतो. क्वेस्टच्या एक्सपीला लागू नाही.

ढगफुटी :
हे सगळं वाचून हंटर आणि मेज दोन्ही लेव्हल १२ पर्यंत नेऊन बघतो. टॅलेंट (लेव्हलबरोबर निवडायची कौशल्यं) चुकले तर? आणि मित्र हार्डकोअर रेल्मचं (सर्व्हरचं) बोलताहेत. तिथे उत्तर बदलतं का?

ढालतोंड्या :
टॅलेंटची काळजी नको. पहिल्यांदा पुसायला १ गोल्ड, मग ५, मग दरवेळी ५ ने वाढत ५० पर्यंत. सुरुवातीला एखाददुसरी चूक परवडते.

हार्डकोअरला एकदा मेलात की संपलं, तिथे पळून जाता येणं हाच खरा गुण. हंटरला लेव्हल ३० ला फेन डेथ मिळतं : मेल्याचं सोंग घ्या, मॉब परत जातात. कधीकधी रेझिस्ट होतं (फसतं), म्हणून हेल्थ संपत आल्यावर नाही, निम्मं असतानाच वापरा. पेट मेला तर मात्र रिव्हाइव्ह करता येतो, हार्डकोअरची अट त्याला नाही.

बर्फगोळा :
हार्डकोअरला मी मेजचा आग्रह सोडतो. कापडी कपड्यात दोन चुकीचे फटके पुरतात. तुमच्या यादीत नाही, पण तिथे पॅलाडिन क्लासचा विचार करा. मारामारी कमालीची संथ, पण लेव्हल ३४ ला डिव्हाइन शील्ड (कुठलाही मार लागू न देणारं कवच) मिळतं. ते १० सेकंद टिकतं, तेवढ्यात पळ काढायचा; शील्ड लावून हर्थस्टोन (सरायला परत नेणारा दगड) दाबायची युक्ती मात्र हार्डकोअरला चालत नाही. लेव्हल ५० च्या रँकला १२ सेकंद मिळतात, मग जरा श्वास घेता येतो. तुमचा वॉरियर टँक आहे हे बरंय, कारण क्लासिकमध्ये पॅलाडिनकडे टॉन्ट (मॉबला स्वतःकडे वळवणं) नाही. आणि लेव्हल ४० ला घोडा त्याला क्लासतर्फेच मिळतो, इतरांना सुमारे शंभर गोल्ड जमवावं लागतं.

सावकाश_चालणारा :
हंटर ठरला तर एक बारकी गोष्ट. पेटचं नाव एकदाच बदलता येतं. घाईत काहीतरी टाइप करून एंटर मारू नका.